अकलदाढ आणि पिवळी जेली

खरं तर हे सांगायचं नव्हतं. माझी मावशी औरंगपुऱ्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे, आणि तिची सक्त ताकीद आहे, "पेशंटचं बाहेर बोलायचं नाय!" पण जेवताना रोज तीच एकेक सांगते, मग किस्से साचणारच. आत्ता मी त्याच दवाखान्याच्या बाकावर बसलेय. आज माझी अकलदाढ काढायचीय. लिहीत राहिले नाही तर मी पळून जाईन.

पळणारी मी पहिली नसेन! इथं अकलदाढ काढताना पेशंटच्याच हाताचं थोडं रक्त घेऊन मशीनमध्ये गरगर फिरवतात. त्यातून पिवळसर जेलीसारखा थर निघतो, तो दाढेच्या खड्ड्यात ठेवतात. जखम भरायला मदत होते म्हणे.

लासूर स्टेशनचे एक काका गळ्यात नॅपकिन बांधून खुर्चीवर बसले होते. शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटसाठी मशीन घरघरली. काकांना वाटलं, त्याचा जबडाच कापतायत! "जरा चहा घेऊन येतो," म्हणाले आणि गेले. संध्याकाळी त्यांचा घरून फोन, "मॅडम, तुमचा नॅपकिन इकडंच आलाय. कुणाच्या हाती पाठवू?"

खुलताबादच्या एक आजी मात्र लई धीट. दाढ निघाली तरी हूं की चूं नाही. पण वाटीतली जेली बघून भडकल्या, "हे माझं नाय! माझं रक्त लालभडक हाय!"

डॉक्टरांनी समजावलं, लाल भाग खाली बसतो, हा वरचा कामाचा.

आजींनी हात पुढे केला. "मग ते लाल कुठं ठेवलं? परत घाला!"

हे ऐकून मी पोट धरून हसले होते. आज हसू येत नाहीये.

सगळ्यात जास्त भीती मला लाईट जाण्याची. रक्त काढल्याबरोबर फिरवावं लागतं, नाहीतर ते नळीतच गोठतं. एकदा एका धिप्पाड हवालदारांची दाढ निघाली, रक्त मशीनमध्ये ठेवलं आणि लाईट गेली! मावशी घाबरत म्हणाली, "साहेब, परत एकदा हात द्या."

साहेबांनी तोंडातला कापूस काढला. "त्यापेक्षा दाढ परत बसवा!"

वरचा पंखा फिरतोय ना, हे मी सारखं बघतेय.

आणि डॉक्टरांचा किस्सा! त्यांची स्वतःची अकलदाढ त्यांच्या डॉक्टर मित्रानं इथंच काढली. मावशी रक्त घ्यायला सुई घेऊन गेली, तर हे म्हणाले, "थांबा ताई, आधी मला नीट समजावून सांगा."

मावशीनं त्यांचंच रोजचं भाषण त्यांना ऐकवलं, "घाबरायचं काय त्यात? तुमचंच रक्त, तुमचीच जेली, बाहेरचं काही नाही. मुंगी चावल्यासारखं होईल."

डॉक्टरांनी सुईकडे बघितलं, दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "आणि एवढं ऐकून लोक बसून राहतात?"

"ये गं बाळा, डावी बाही वर कर!" आतून मावशीची हाक. उजवा हात अजून लिहितोय, पण डावा काही केल्या पुढे येईना.