पुसलेली क्लच प्लेट

क्लच घसरतोय की नाही, हे कळायला गाडी उघडावी लागत नाही. हँडब्रेक ओढायचा, टॉपचा गिअर टाकायचा, हलकी रेस देऊन पेडल सोडायचं. इंजिन धक्का खाऊन बंद पडलं तर क्लच ठीक. चालूच राहिलं तर प्लेट गेली. का गेली, ते मात्र उघडल्यावरच दिसतं, आणि उघडताना मिस्त्रीशिवाय तिथे सहसा कोणी नसतं.

नव्वदीच्या सुरुवातीला मी सुरतेत, उधन्याच्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. जवळच्या सचिन गावाहून कापडाचे ताके आणणारा एक जुना डिझेल टेम्पो आमच्याकडे यायचा. त्याचा ड्रायव्हर आमच्याच खानदेशातला, माझ्याहून थोडा मोठा. तो आला की आमची अहिराणी सुरू व्हायची आणि शेजारचा वेल्डर ओरडायचा, "लागलं का जळगाव केंद्र!"

एका सकाळी तो म्हणाला, "पूलवर इंजिन नुसतं बोंबलस, गाडी चढतच नही."

पेडलचा मोकळा खेळ पाहिला. बोटभर होता, म्हणजे बरोबर. हँडब्रेक ओढून पाहिलं, इंजिन चालूच. त्याला चहाला पाठवलं आणि गिअरबॉक्स उतरवला.

पेडलवर पाय ठेवून चालवणाऱ्याची प्लेट कोरडी जळते, फ्लायव्हीलवर निळे डाग पडतात. इथे डाग नव्हते. प्लेट तेलाने माखली होती. महिन्यापूर्वी बेअरिंग बदलताना गिअरबॉक्सचं सील मीच बसवलं होतं, घाईत. त्याची कड दुमडली होती, तेल तिथूनच झिरपलं होतं.

टेम्पोचा मालक, कापडवाला शेठ येईपर्यंत मी प्लेट पेट्रोलने पुसली. मग आणखी एकदा पुसली. नवं सीलही बसवून टाकलं.

शेठचा प्रश्न नेहमीचाच. "बोलो मिस्त्री, प्लेट घसाई गई के ड्राइवरे बाळी?"

प्लेट आपोआप झिजली की ड्रायव्हरने जाळली, यावर मिस्त्रीचा शब्द शेवटचा असे.

"पाँव रखके चलाता है," मी म्हणालो.

ड्रायव्हर शेजारीच उभा होता. त्याने आपल्या डाव्या चपलेकडे पाहिलं. "मना पायनी चूक शे का, भाऊ?"

मी पाने पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी टेम्पोवर दुसरा ड्रायव्हर होता. बाजारात माणूस एकदा 'क्लच जाळणारा' ठरला की त्याला गाडी मिळत नाही. काही दिवस तो पॉवरलूमवर कामाला उभा राहिला. पुढे चलथाणला उसाच्या ट्रकवर लागल्याचं कानावर आलं.

तीन-चार वर्षांनी मी कामरेजला जायला रस्त्यावर उभा होतो, तर त्याचाच ट्रक थांबला. "बस ना भो." बसलो. गिअर पडला की तो डावा पाय पेडलवरून उचलायचा आणि पार सीटखाली ओढून घ्यायचा. दर वेळी.

"गुडघा दुखत नाही का?"

"दुखस. पन तूच सांगं व्हतं ना. तवयपासून पाय लांब ठेवस."

माझ्या खोट्यावर त्याने विश्वास ठेवला होता, इतका की पायाला शिस्त लावली होती.

कामरेजच्या चौकात ट्रक थांबल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. तेल, सील, पेट्रोल. त्याने ट्रक न्यूट्रलला टाकला. मग हसल्यासारखं केलं.

"मंग आते पाय कोठे ठेवू, भाऊ?"

 मग तो न हसता म्हणाला, "शेठले सांगशी का?"

"सांगतो," म्हणालो.

मी उतरून दार लावेपर्यंत त्याने पहिला गिअर टाकला होता. पाय मागे गेलाच.

शेठला मी सांगितलं नाही. तो पुढे कितीतरी वर्षं गॅरेजात येत राहिला, तोच प्रश्न विचारत राहिला आणि माझा शब्द मानत राहिला. मी घरीसुद्धा हे कधी बोललो नाही. शेठ आता नाही. त्याचा मुलगा त्याच्याच कापडाच्या दुकानात बसतो. माझ्या घरून रिक्षाने पंधरा मिनिटं.