झुंबरबाईची वाकळ

झुंबरबाई लग्न होऊन या बेटावर आली तेव्हा तिला पाण्याची भीती वाटायची. मुळा धरण भरलं की आमच्या वस्तीला चारी बाजूंनी पाणी वेढतं. बाजार असो की दवाखाना, भागवतच्या होडीनेच जायचं. अशा ठिकाणी बाया बडबड्या होतात. ही मात्र मुकी झाली आणि वाकळा शिवू लागली.

वाढत्या पाण्याला आम्ही चढं म्हणतो, ओसरत्याला उतार. चढं तिने दाट टाक्यांनी घातलं, उतार विरळ. तीन वर्षं एकच वाकळ शिवली, त्यात अख्खं बेट. ज्याचं घर, त्याच्याच घरातली चिंधी. मागायला आली की बाया म्हणत, "आली भिकारीन! झुंबरे, माझ्या घराला माडी काढ गं, नवऱ्याच्यानं तर व्हत न्हाई."

संगमनेरच्या कॉलेजातल्या बाईंनी ती वाकळ पाहिली आणि नगरच्या प्रदर्शनात मांडायची ठरवली. सोमवारी न्यायला येणार होत्या. शनिवारी सकाळी झुंबरबाई पाणी भरायला गेली तेवढ्यात थोरली जाऊ छबूबाईने पेटीतून वाकळ काढली आणि शेवटच्या घटका मोजणाऱ्या सासूवर, राहीबाईवर घातली. दुपारी म्हातारी गेली.

मेलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण आमच्यात घरात ठेवत नाहीत. पाण्याला देतात.

"आत्याबाई गारठल्या हुत्या," छबूबाई म्हणाली.

"घरात चार वाकळा हायेत, बाई."

"मंग? सासूपरीस नगरची मान्सं मोठी व्हय?"

झुंबरबाईने जमलेल्या सगळ्यांपुढे पदर पसरला. "एवढी एक ठेवू द्या. धुते, गोमूत्र शिंपडते."

वस्तीत वयाने थोरली म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. शेवटी मीच म्हणाले, "देवाधर्माचं आहे, मोडता येत नाही." ते मला आजही चूक वाटत नाही. पण छबूबाई पदराआड हसली, ते मी पाहिलं होतं. ते मी बोलले नाही.

अग्नी दिल्यावर पुरुषांनी वाकळ पाण्यात सोडली. ती बुडेना. आत हवा भरून पसरली आणि तरंगत राहिली; घरं, वाटा, देऊळ, सगळं वर तोंड करून. दिलेलं पांघरूण परत काठाला लागलं तर घरातलं आणखी एक माणूस जातं म्हणतात. म्हणून दगड मारायला सुरुवात झाली. झुंबरबाईचा चुलत दीर बजरंग, त्याचा पहिलाच दगड बरोबर बसला. "लागला बघ!"

झुंबरबाई गुडघाभर पाण्यात धावली. "अवो, तिथं नगा मारू, तिथं शाळा हाय! बजरंग भावजी, तिच्या शेजारी तुमचंच घर हाय!"

"कोन्चं गं वैनी? निळं का?"

"व्हय, निळं. तुमच्या आईच्या लुगड्याचं."

बजरंगने मोठा दगड शोधला, नेम धरला. काठावरच्या बाया हसू दाबत पुढे सरकल्या.

दगड निळ्यावर बसला.