चुन्याचे नऊ चौकोन

माणसाच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण होते. कर्जतपासून खालापूरपर्यंत नाक्यानाक्याला श्रद्धांजलीचे बॅनर लागतात, त्या सगळ्यांवर हे लिहिलेलं असतं. विषय मरणाचा असल्यामुळे कोणी वाद घालत नाही. मला मात्र पगार मिळायचा तो पोकळी भरण्याचा. मोबाइलच्या पडद्यावर चौकोनांची जाळी असते. त्यातला एक चौकोन काढला की उरलेले सरकतात आणि त्याची जागा घेतात. ते सरकवणं माझं काम. डोळ्याचं पातं लवायच्या आत पोकळी भरायची.

त्या रविवारी त्या चौकोनात माझी आई उभी होती.

खरोखरची आई. हिरवळीवर चुन्याने आखलेल्या चौकोनात, पदर खोचलेला, भांडी घासता घासता बोलावल्यामुळे हात ओले. समोर वेताच्या खुर्चीत पाहुणे फळं खात बसले होते. त्यांनी हातातला काटा तिच्यावर रोखला.

"ही नको. ही काढून दाखवा."

अर्णव माझ्याकडे वळला. "सांग ना त्यांना. त्यांच्या भाषेत सांग."

आईची भाषा मराठी. अर्णवचीही मराठीच. दोघांच्या मध्ये दुभाषी कशाला लागते, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढच्या तासाभरात कळलं.

अर्णव म्हणजे कंपनीचा मालक. मालक म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, फाउंडर म्हणायचं. आमच्याकडे सर नाही, मॅडम नाही, सगळी अरे-तुरे. ही समता ऑफिसच्या काचेच्या दारापर्यंत होती. दार उघडणाऱ्या माणसाला ती लागू नव्हती. आईने मात्र मला बजावलं होतं, "त्यांना तुमी म्हन. आपल्याला शोभत नाय." त्यामुळे अर्णवशी बोलताना मी दोन वर्षं तू आणि तुम्ही दोन्ही टाळून वाक्यं जुळवत होते. तेही एक कौशल्य आहे. बायोडेटात लिहिता येत नाही.

कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला त्यांचं फार्महाऊस. मी शाळेत होते तेव्हापासून आई तिथे लादी-भांडी करते. वाचणाऱ्याला वाटेल, ती जमीन पूर्वी आमची असणार. नव्हती. आमच्याकडे विकायलाही जमीन नव्हती, त्यामुळे फसवलं गेल्याचा इतिहाससुद्धा आमच्या वाट्याला आला नाही. मी कॉम्प्युटर शिकले. अर्णवच्या आईने, म्हणजे ताईंनी, मुलाकडे शब्द टाकला. मग मी परीक्षा दिली, मुलाखती दिल्या आणि लागले. गोष्ट सांगताना अर्णव परीक्षा आणि मुलाखती गाळायचा.

"ही आमच्या मावशींची मुलगी," तो प्रत्येक मीटिंगमध्ये सांगायचा. "आणि बघा, काय अ‍ॅनिमेशन करते."

माकड सायकल चालवायला लागलं की लोक मागे रेलून बघतात, तसे सगळे बघायचे.

कंपनीचं अ‍ॅप फार्महाऊस भाड्याने मिळवून देण्याचं. पडद्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक बंगला आणि त्याचा निळा तलाव. आवडलं तर बोट लावायचं, चौकोन फुलतो, बाजूचे दबतात. नको असेल तर बाजूला सारायचं, तो विरतो, बाकीचे सरकतात. ह्या सरकण्याचं एक शास्त्र आहे. सुरुवात झटकन व्हावी, थांबताना मऊ थांबावं. सगळे चौकोन एकदम हलले तर डोळ्याला धक्का बसतो, म्हणून एकामागून एक हलवायचे, किंचित अंतराने. झाल्यावर बघणाऱ्याला आठवूही नये की इथे आणखी काही होतं. हे मी चांगलं करायचे. अजूनही करते.

पाहुणे कंपनीत पैसे घालणार होते. त्यांना शहरातल्या ऑफिसात नाही, निसर्गात बोलायचं होतं, म्हणून बैठक फार्महाऊसवर. निसर्गात रेंज नसते. मी फोन पुढे केला तर पडद्यावर नऊ राखाडी चौकोन. एकाही बंगल्याचा फोटो उतरेना. मी राखाडी चौकोनच सरकवून दाखवले.

"हलतंय, ठीक आहे," पाहुणे म्हणाले. "पण त्याने काय होतं?"

मी सांगायला तोंड उघडलं. अर्णवने हात वर केला. त्याला काहीतरी सुचलं होतं. त्याला काही सुचलं की ऑफिसात आम्ही जेवणाची वेळ पुढे ढकलायचो.

झाडांच्या बुंध्यांना लावायला आणलेला चुना माळ्याकडे होता. अर्णवने हिरवळीवर तीन गुणिले तीन चौकोन आखून घेतले आणि घरातली, बागेतली, गेटवरची सगळी माणसं बोलावली. स्वयंपाक करणारी सुलभाकाकी, माळी बाळारामकाका, वॉचमन, गवत काढणाऱ्या बाया. मधल्या चौकोनात आई.

"यांना समजेल असं सांग," तो मला म्हणाला.

आमच्याकडे जमिनीवर चुन्याची रेघ दिसली की ती कबड्डीची. दुसऱ्या कशासाठी रेघा मारायची गावाला सवय नाही. मी म्हटलं, "कबड्डीवानी समजा. ज्याला बाद केला त्यानं भायेर जायाचं. बाकीच्यांनी सरकून जागा भरायची."

"मंग राज्य कुनाचं?" बाळारामकाकांनी विचारलं. सगळे हसले. मीही हसले. एवढ्या वेळातलं माझं ते शेवटचं हसू.

सराव सुरू झाला. बोट दाखवलेल्या माणसाने हात पसरून पुढे यायचं, म्हणजे चौकोन फुलला. बाकीच्यांनी उकिडवं बसायचं, म्हणजे ते दबले. पाहुणे बोट दाखवत गेले आणि साठीची माणसं उठत-बसत गेली. मग काढण्याची पाळी. मधला चौकोन काढला की त्याच्या उजवीकडचा त्याच्या जागी येतो, आणि खालच्या ओळीतल्या पहिल्याला मधल्या ओळीच्या शेवटी जावं लागतं, तिरकं, सगळी जाळी ओलांडून. पडद्यावर ते फार सुंदर दिसतं. हिरवळीवर त्या जागी बाळारामकाका होते. त्यांचा एक पाय अधू आहे.

"झटका येतोय," अर्णव म्हणाला. "मऊ थांबायला सांग त्यांना. पुन्हा."

मी सांगितलं. काका पुन्हा धावले.

"आता सगळे एकदम हलले. एकामागून एक. पुन्हा."

मी सांगितलं. दोन वर्षं मी जे नियम बसवले होते, ते सगळे अर्णवला तोंडपाठ होते. एवढं लक्ष तो माझ्या कामाकडे देत असेल असं मला वाटलं नव्हतं. बरं वाटायला हवं होतं.

मग पाहुण्यांनी काटा रोखला. ही नको. मी आईकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती, शाळेच्या गॅदरिंगला आलेल्या पालकासारखी. पोरीचा कार्यक्रम आहे, आपल्यामुळे बिघडू नये.

"आये, तू बाद," मी म्हटलं.

ती बाहेर गेली. सुलभाकाकी तिच्या जागी आली. काका तिरके धावले आणि या वेळी मऊ थांबले. बाकीचे सरकले. कुठे खाच नाही, खंड नाही.

पाहुण्यांनी टाळी वाजवली. "आत्ता कळलं. गेलेली कळलीच नाही."

हे कौतुक माझ्या कामाचं होतं. त्याहून चांगलं कौतुक ह्या धंद्यात नसतं.

सगळे जेवायला व्हरांड्यात गेले. जेवणात पोपटी होती. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, कोंबडी. पाहुण्यांना गावरान काहीतरी हवं होतं. मडकं सकाळी आईनेच लावलं होतं. मला टेबलाशी खुर्ची होती, कारण आमच्याकडे समता होती. पाहुणे शेंगा सोलत पैशांचं बोलत होते. अर्णवचा चेहरा फुललेल्या चौकोनासारखा झाला होता.

मी बाहेर बघितलं. आई रेघेच्या बाहेर बसली होती. उन्हात, गुडघे छातीशी घेऊन, हात पायांभोवती.

बाकीची माणसं कामाला लागली होती. ती तिथेच.

मी उठून गेले. "आये, हितं का बसलीस?"

"बाद झाले ना."

"मंग?"

"मंग बसायला नको? मी म्हनलं, दुसरा कोन बाद झाला का मला उठवतील." तिने हिरवळीकडे बघितलं. "कुनीच नाय झाला का गं?"

कबड्डीत बाद झालेला गडी घरी जात नाही. रेघेबाहेर बसतो. आपल्या बाजूने समोरचा एक मारला की तो जिवंत होऊन आत येतो. गावातलं शेंबडं पोरही हे जाणतं. आईने खेळ नीट ऐकला होता आणि नियम पाळला होता. मी बसवलेल्या नियमांत परत येण्याचा नियमच नव्हता. दोन वर्षांत तो कोणी मागितला नव्हता आणि मला सुचला नव्हता.

तेवढ्यात व्हरांड्यातून हाक आली. "अगं, मावशींना सांग ना, अजून एकदा. पाहुण्यांना व्हिडिओ घ्यायचाय."

आई पदर सावरत उठली. "बघ," ती म्हणाली. "जित्ती झाले."

तिच्या तोंडावर हसू होतं. ते मला आयुष्यभर पुरेल.

"नाही," मी म्हटलं.

अर्णव पायऱ्या उतरून आला. "काय नाही?"

"सांगणार नाही. तू सांग. मराठीच बोलते ती."

दोन वर्षं टाळलेला शब्द असा सहज निघाला. आईने चमकून माझ्याकडे बघितलं. बाकीचं तिला चाललं असतं बहुतेक.

"इमोशनल होऊ नकोस," तो हळू आवाजात म्हणाला. तो कधीच ओरडत नाही, घराण्याचं वळण आहे. "खेळ आहे. त्यांनाही मजा येतेय."

"मग ताईंना उभं कर मधल्या चौकोनात."

ताई व्हरांड्यात झोपाळ्यावर होत्या. त्या उठल्या नाहीत. त्यांनी माझ्याशी बोलणंही टाळलं, आईकडे बघून म्हणाल्या, "वनिता, शिकवलं की असं होतं बघ."

आईने हात जोडले. "ताई, पोर हाय. चुकली." आणि माझ्याकडे न बघता ती चौकोनात जाऊन उभी राहिली. तिच्या मागून बाकीचे आले. हात ओले, कपाळाला घाम, नऊच्या नऊ. पाहुण्यांनी फोन धरला. या वेळी अर्णवनेच स्वतः सांगितलं, शुद्ध मराठीत, आणि सगळ्यांना कळलं.

आई बाद झाली. बाहेर निघाली.

मी तिच्या चौकोनात जाऊन उभी राहिले.

सुलभाकाकी सरकत आली आणि माझ्यासमोर थांबली. "सरक ना गं, बाय."

"नाय सरकत."

"आगं, मी जाऊ कुटं?"

"जाऊ नको. हाय तिथंच ऱ्हा."

ती मागे फिरली आणि आपल्या चौकोनात उभी राहिली. तिची जागा मोकळी होईना म्हणून तिच्या मागचं कोणी हलेना. बाळारामकाका धावायच्या तयारीत वाकले होते, ते तसेच खाली बसले आणि अधू पाय चोळायला लागले. अर्णव टाळ्या वाजवत होता, एकामागून एक, किंचित अंतराने. कोणी जागचं हललं नाही.

पाहुण्यांनी फोन खाली घेतला. "हँग झालं वाटतं," ते म्हणाले.

नोकरी सोडायची राहूनच गेली, तिने मला आधी सोडलं. आईला ताईंनी सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. कशेळ्याला जीपची वाट बघताना आई एवढंच बोलली, "लई बोललीस. मी काय मेले नव्हते, बसले होते."

बरेच दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. तिचं काम माझ्या मानापायी गेलं, आणि मान तिने मागितला नव्हता.

ठरवलं ते एवढंच. 'त्यांच्या भाषेत सांग' हे काम मी ह्यापुढे करणार नाही. ज्याला माझ्या माणसांना उठबस करायला लावायचं असेल, त्याने त्यांच्या डोळ्यांत बघून स्वतःच्या तोंडाने सांगावं. ती ऐकतील किंवा झिडकारतील, ते त्यांचं. मध्ये मी नाही. मुकादम पूर्वी वाडीतला दांडगा माणूस असायचा, आता शिकलेली पोरगी चालते, स्वस्त पडते आणि सोबत कौतुकाची गोष्टही मिळते. मला मुकादम व्हायचं नाही. आणि माझ्या देखत कोणाला रेघेबाहेर काढलं, तर मी त्याच्या जागेवर जाऊन उभी राहीन. तिथून मला उचलावं लागेल. मऊ थांबणार नाही.

फार्महाऊसवर आठवड्यात पलीकडच्या वाडीतली दुसरी बाई लागली. अ‍ॅपमध्ये चौकोन अजून मी बसवले तसेच सरकतात. हिरवळीवरचा चुना मात्र कोणी झाडला नाही. त्याने गवत जळलं, आणि नऊ चौकोन पिवळे पडून पार गच्चीवरून दिसायला लागले. नवं लॉन बसवायला माणसं कमी पडली, म्हणून ताईंनी आईला निरोप पाठवला. आईने गुडघे दुखतात म्हणून कळवलं. तिचे गुडघे दुखत नाहीत.

लॉन तिच्यावाचून बसलं. ते चौकोनी तुकड्यांत मिळतं. सांधा दिसत नाही.