कोल्ह्याचं तोंड

पहाटे चारला, मिट्ट काळोखात फिरायची माझी सवय मिलिटरीतली. माधवनगरच्या बंद गिरणीजवळ मला रोज एक कोल्हा दिसायचा. उसातून निघून रस्ता ओलांडण्याआधी तो थांबून माझ्याकडं बघायचा. मी बॅटरी खाली वळवली की निवांत पलीकडं जायचा.

हे मी मूर्खासारखं आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. झालं! सकाळी कोल्ह्याचं तोंड बघितलं की नशीब उघडतं म्हणतात. एरवी आठपर्यंत घोरणारे चारला हजर! मोटारसायकली काय, मोबाईलचे उजेड काय, आरडाओरडा काय. कुणाच्या पोराची परीक्षा, कुणाचा जमिनीचा दावा. मी हाकलायला लागलो तर शेजारी म्हणाला, "आवं, समदं नशीब एकट्यालाच पायजे व्हय?"

चौथ्या दिवशी कोल्हा उसातून निघाला आणि सवयीनं माझ्याकडं बघत थांबला. तेवढ्यात त्यालाच बघायला आलेली एक मोटारसायकल त्याच्या अंगावरून गेली.

शेजारी वाकून बघत होता. म्हणाला, "आवं, मेलेल्याचं बघितलं तर चालतंय का?"

मी त्याची गचांडी धरली. चौघांनी सोडवली. आता तो माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे.

वाईट झालं की आपण म्हणतो, आज कुणाचं तोंड बघितलं होतं कुणास ठाऊक. त्या कोल्ह्यानं कुणाचं बघितलं होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. माझं.