मोहरीच्या गळ्यातला दिवा

रत्नामावशीला संशय आला तो एका साध्या प्रश्नावरून.

"आई, नांगर नीट धरतोय ना गं?"

नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलहून नकुलचा फोन. एरवी हा मुलगा 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही. नांगर म्हणजे काय, तो कुठे टाकतात, याच्याशी त्याला जन्मात देणंघेणं नव्हतं. आणि आदल्याच दुपारी मावशीच्या 'सवड' या बोटीचा नांगर रेतीतून सुटला होता. 'सवड' उलटी उलटी मागे खडकांकडे निघाली होती. मावशीने इंजिन सुरू केलं, साखळी ओढली, नांगर पुन्हा टाकला. वीस मिनिटं. हाताची सालटी निघाली.

"मस्त धरतोय," ती म्हणाली. "काल तर दोन तास झोप काढली दुपारी."

"हो?" नकुल म्हणाला. "गुड."

त्या 'हो'मध्ये काहीतरी होतं. मावशीने बावीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेलं. डेव्हलपर 'चालतंय' म्हणाला की त्याच्या आवाजावरून बग ओळखायची.

तिचं वय एकसष्ट. बोटीचं वेड तिच्या नवऱ्याचं, विनयकाकांचं असणार, असं सगळ्यांना वाटतं. पण काकांना तळ्यातल्या पायडलच्या होडीतही उलटी व्हायची. वेड हिचंच. काका गेल्यावर तिने तीन उन्हाळे तळ्यावर शिडाची होडी चालवायला शिकण्यात घालवले. मग बत्तीस फुटी जुनी बोट घेतली आणि काळ्या मांजरीला, मोहरीला, घेऊन थेट कॅरिबियन समुद्रातलं सेंट जॉन बेट गाठलं. अमेरिकेचंच बेट, पासपोर्ट नको, फोनही तोच चालतो. नकुलने एकच अट घातली होती: मेअखेरपर्यंत राहा, पण एक जरी घोळ झाला तरी बोट विकायची आणि माझ्या बेसमेंटमध्ये राहायला यायचं.

"बेसमेंटला नवीन कार्पेट टाकलंय," असं त्याने डिसेंबरातच सांगितलं होतं. घोळ व्हायच्या आधीच कार्पेट! मावशीने ते लक्षात ठेवलं होतं.

नांगराच्या प्रश्नानंतर आठ दिवसांनी दुसरा प्रश्न आला.

"मोहरी बरी आहे ना? डॉक्टरकडे वगैरे नेलं नाहीस ना?"

नेलं होतं. त्याच सकाळी, टॅक्सीने, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. मोहरीने माशाचा काटा गिळला होता.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? सहज विचारलं."

सहज! मावशी फोन ठेवून डेकवर आली. समोर, हाकेच्या अंतरावर, एल्डन आपल्या बोटीवर दोर वळत बसला होता. मेन राज्यातला म्हातारा, सत्तरीचा. दोन महिने शेजारी नांगरलेला. हात हलवून हसला. मावशी हसली नाही. तिला आठवलं, हा मागे एकदा म्हणाला होता, "तुझा मुलगा कॅरोलायनात असतो ना?" आपण याला कधी सांगितलं? आठवेना.

दुसरा संशय टेक्ससमधल्या प्लेनोवर. तिथे लतावन्सं राहतात, विनयकाकांची मोठी बहीण. त्यांना एक शब्द सांगा, संध्याकाळपर्यंत तीन राज्यांत पोचतो. मावशीने त्यांना मोहरीच्या काट्याचं सांगितलं नव्हतं. पण नांगराचं? व्हॉट्सॲपवर सोललेल्या हाताचा फोटो टाकला होता का? टाकला असेल.

मग मावशीने जे आयुष्यभर केलं तेच केलं. टेस्ट लावली.

लतावन्संना फोन. "वन्सं, शुक्रवारी जरा शेजारच्या सेंट थॉमस बेटावर जाईन म्हणते."

"एकटी? अगं, शार्क असतात!"

"भाजी आणायला जातेय, वन्सं. पोहत नाही जात."

मग डिंगी, म्हणजे रबरी होडी, वल्हवत एल्डनकडे. "शुक्रवारी मी दक्षिणेच्या खाडीत जाणार आहे. आठवडाभर."

"छान," एल्डन म्हणाला. "तिथे कासवं खूप. गुडघा कसा आहे?"

"का विचारतोस?"

एल्डन गोंधळला. "मीच पट्टी बांधली होती म्हणून."

"बरा आहे," मावशी तुटकपणे म्हणाली आणि निघाली.

शुक्रवारी ती दोन्हीकडे गेली नाही. बेटाला वळसा घालून उत्तरेच्या फ्रान्सिस बे या खाडीत शिरली. कोणालाही न सांगता. आता बघू. नकुल सेंट थॉमस म्हणाला तर वन्सं, दक्षिण म्हणाला तर एल्डन.

शनिवारी फोन वाजला.

"आई, उद्या उत्तरेकडून मोठ्या लाटा येणार आहेत. तिथे नको थांबूस."

"तिथे म्हणजे कुठे?"

"म्हणजे... जिथे असशील तिथे."

सेंट थॉमस नाही, दक्षिणही नाही. खरं उत्तर! तेही फक्त तिलाच माहीत असलेलं.

ती खाली केबिनमध्ये बसली आणि जुन्या सवयीने कागदावर दोन रकाने केले. नकुलला काय कळलं: नांगर, डॉक्टर, फ्रान्सिस बे. काय कळलं नाही: गुडघा. डिंगीत चढताना आपटली होती, किनाऱ्यावर एल्डनच्या हातून पट्टी बांधून घेतली होती, क्लिनिकला जाऊन एक्स-रेही काढला होता. नकुलने त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. एल्डन फितूर असता तर पहिली बातमी गुडघ्याची गेली असती.

म्हणजे मांजरीचा डॉक्टर कळतो आणि आईचा एक्स-रे कळत नाही.

मोहरी बाकावर पाय पसरून झोपली होती. गळ्यात निळा पट्टा, त्याला लुकलुकणारा छोटा दिवा. नाताळात नकुलनेच पाठवला होता. 'अंधारात पाण्यात पडली तर दिसेल. दर रविवारी चार्ज कर हं.' आणि मावशी दर रविवारी न चुकता चार्ज करत होती! बावीस वर्षांत एक बटण तिने न तपासता सोडलं नव्हतं. हे मुलाने दिलं, म्हणून तसंच पास केलं.

तिने पट्टा काढला, डिंगीने किनारा गाठला आणि तो पिकनिकच्या बाकाला अडकवून शेजारी पाय लांब करून बसली. पाऊण तासात फोन.

"आई! मोहरी पळाली का? ती किनाऱ्यावर कशी?"

"मोहरी बोटीवर आहे, नकुल. किनाऱ्यावर तुझा दिवा आहे."



"आई, लिसन..."

"पाळत ठेवतोस माझ्यावर?"

"मांजरीवर ठेवतो."

"ती वकिली नको."

"ओके, मग तू सांग. नांगर सुटला त्या दिवशी दोन तास झोप काढलीस ना? मी मीटिंगमध्ये बसून फोनच्या नकाशावर तो ठिपका खडकांकडे सरकताना बघत होतो, आई. आणि तू म्हणतेस, मस्त धरतोय!"

मावशीला एकदम बेसमेंटचं कार्पेट दिसलं.

"घोळ झाला," ती हळूच म्हणाली. "मग तेव्हाच का नाही म्हणालास, बोट विक म्हणून?"

"फोन उचललाच होता. तेवढ्यात ठिपका थांबला. मग परत जागेवर गेला." तो अडखळला. "तूच नेलास ना? एकटीने?"

"दुसरं कोण होतं?"

"मग काय बोलणार मी?"

मावशीला यावर विश्वास ठेवावा की नाही कळेना. इतक्या सहज हा मुलगा कधी हरत नाही. तरी तिने संधी सोडली नाही.

"मग ऐक. हा पट्टा मी शिडाच्या खांबाला बांधते. बोट कुठे आहे ते बघ हवं तेवढं. मी आणि मोहरी कुठे आहोत ते फोन करून विचारायचं. बोट राहणार."

"आणि विचारलं तर खरं सांगशील?"

"गुडघ्यापासून सगळं सांगेन."

"गुडघ्याला काय झालं?"

तिने सांगितलं. एक्स-रेसकट. त्याने खूप आरडाओरडा केला, पण बोट विक म्हणाला नाही. एकदाही. पट्टा खांबाला बांधल्यावर मावशीने मात्र केबिनमधल्या गाद्या उचलल्या, तांदळाचा डबा उपसला, त्याने पाठवलेला टॉर्च उघडून पाहिला. काही सापडलं नाही. टॉर्च तिने तरीही फडक्यात गुंडाळून इंजिनखाली ठेवला.

लाटा यायच्या आत ती जुन्या जागी परतली. दुसऱ्या दिवशी पोहे केले आणि मोहरीला काखेत घेऊन एल्डनकडे गेली. मागचा तुटकपणा बोचत होता. पण तो शब्दांत सांगण्यापेक्षा पोहे बरे. एल्डनने हिरवी मिरची बाजूला काढत कॉफी ओतली. एवढ्यात फोन.

"आई, बोट दिसतेय. तू कुठे आहेस?"

"खरं सांगू?"

"तेच ठरलंय."

"एल्डनच्या बोटीवर. नाश्ता करतेय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"हा एल्डन कोण?" नकुल म्हणाला. "आडनाव काय त्याचं?"