जन्मभराच्या गोळ्या

धुळ्याच्या स्टँडवर आबा मला निरोप द्यायला आले होते की माझं पत्रक वाटायला, तेच कळेना. मुंबईची बस लागलेली, पुढे मी जर्मनीला जाणार, आणि माझे वडील कंडक्टरच्या हातात कागद कोंबत होते. "मनी पोरनी लिखेल शे. वाचा, भाऊ."

पत्रक होतं औषध कंपन्यांवर. माणूस बरा झाला तरी हे गोळ्या चालूच ठेवतात, लूट आहे, असं ठणकावून लिहिलं होतं मी. औषधं महाग आहेत, आजही म्हणते. पण कुठली गोळी जन्मभर लागते आणि का, हे मी एकाही डॉक्टरला विचारलं नव्हतं.

इथे जर्मनीतल्या लॅबमध्ये मी तेच शिकते आहे. पेशीला बाहेरून निरोप येतो, आतली प्रथिनं तो एकमेकांकडे देत पुढे नेतात. गर्भात बोटांच्या मधल्या पेशींना 'मरा' असा निरोप जातो, म्हणून आपली बोटं सुटी होतात. मी इकडे आल्यावर आबांच्या रक्तात उलटं झालं. कुणी निरोप दिलेला नसताना एक प्रथिन सारखं 'वाढा, वाढा' सांगत सुटलं. रक्ताचा कॅन्सर. रोजची एक गोळी त्या प्रथिनाला अडवून धरते. फक्त अडवते, संपवत नाही; म्हणून डॉक्टरांना न विचारता ती थांबवायची नसते.

वर्षभरात रिपोर्ट नॉर्मल आला, धुळ्याच्या देवपुरात आईने पेढे वाटले. मी फोनवर रिपोर्ट विचारायचे, गोळी घेतली का, हे कधीच नाही. गेल्या महिन्यात आईचा फोन आला: पांढऱ्या पेशी पुन्हा वाढल्यात, यांनी पाच महिने गोळी घेतलेली नाही.

मी आबांवर ओरडले. ते म्हणाले, "आते बठ्ठं बरं शे, मंग गोया कशाले? तूच लिखेल शे ना!"

मी म्हटलं, "आबा, मी चुकीचं लिहिलं होतं."

"जाऊ दे. धाकली व्हती तू."

ते चिडले असते तर सोसलं असतं. गोळी परत सुरू झाली आहे. ती पूर्वीसारखी लागू पडेल का, पुढच्या तपासणीत कळेल. लांब राहून घरी सल्ले पाठवणाऱ्यांनो, तुम्हालाही सांगते: तिकडे कुणी तुमचं म्हणणं तपासून बघत नाही. माझ्यासाठी घर म्हणजे आता तेवढंच, माझ्या शब्दावर गोळी घेणं बंद करणारा माणूस जिथे राहतो ते. तिथे साधा मेसेज पाठवतानाही माझा हात थांबतो.