कडीचा खणातला मुक्काम आणि एका शब्दाचे अर्थ

आमच्या होस्टेलमध्ये किस्से शोधायला जावं लागत नाही. जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की एक मिळतो, बाथरूमच्या रांगेत दोन. मी फारशी बोलत नाही, म्हणून माझ्याजवळ ते साचत जातात. हे त्यातलेच काही. सगळ्यांत एकच शब्द आहे, आणि आता तो शब्द ऐकला की माझं डोकं तापतं.

होस्टेल धानोऱ्याच्या पुढे आहे, शाळा त्याच आवारात. इंग्रजीच्या बाई रजेवर असल्यामुळे त्यांचे तास खेळाचे सर घेतात. वेळापत्रकात त्याला ‘ॲडजस्टमेंट’ म्हणतात. सरांनी एकदा फळ्यावर ‘ॲडजस्ट’ एवढंच लिहिलं आणि म्हणाले, "याचे डिक्शनरीत जेवढे अर्थ सापडतीन तेवढे लिहून आणा. मले बी पाहिजेत."

मी लिहून आणले. वस्तू नीट बसवणे. घड्याळ बरोबर लावणे. बिघडलेलं ठीक करणे. ‘जुळवून घेणे’ हा अर्थ अगदी शेवटी होता. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. आमच्याकडे तो एकटाच चालतो, आणि तोही फक्त आम्हालाच सांगितला जातो.

*

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही एसटीने परत येत होतो. कंडक्टर म्हणाला, "पोरींनो, तिघींच्या सीटवर पाच जणी बसा. ॲडजस्ट करा."

बसलो. माझ्या शेजारच्या कॉटवरची शेवंता माझ्या मांडीवरच होती. समोरच्या सीटवर एक काका बसले होते आणि खिडकीजवळ त्यांची बॅग. शेवंता तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "कंडक्टरभाऊ, त्या बॅगले बी सांगा नं."

काका म्हणाले, "त्यात मिक्सर हाय."

मिक्सर गडचिरोलीपासून धानोऱ्यापर्यंत खिडकीजवळ बसून आला.

*

विज्ञानाच्या प्रयोगाच्या दिवशी लिटमस पेपर संपलेले होते. विज्ञानाचे सर म्हणाले, "निळा लिटमस लाल झाला असं समजा. वहीत लाल पेन्सिल घासा. ॲडजस्ट करून घ्या."

एका मुलीकडे लाल पेन्सिल नव्हती. तिने निळाच ठेवला. तिच्या वहीत शेरा आला, ‘निरीक्षण चुकले’.

सगळ्या वर्गात निरीक्षण तिचं एकटीचंच बरोबर होतं.

*

आता बाथरूमचं. आम्हा सगळ्या मुलींचं संडास-बाथरूम एकाच खोलीत आहे आणि तिच्या दाराला कडी नाही. शाळा सुरू झाली तेव्हापासून नाही.

शेवंताने त्यावर नियम काढला. आत जाणारीने मोठ्याने पाढे म्हणायचे. आवाज आला की समजायचं, कोणी आत आहे. शेवंताची अंघोळ एकोणतीसच्या पाढ्यापर्यंत चालते. होस्टेलच्या मुलींचे पाढे फार पक्के, असं शाळेत कौतुकाने सांगतात. ते का पक्के आहेत, हे कोणी विचारत नाही.

मला मोठ्याने बोलता येत नाही. हजेरी देतानाही माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नाही. एकदा मी ‘तीन सक अठरा’पर्यंत आले होते आणि दार उघडलं. बाहेर पाच जणी बादल्या घेऊन उभ्या. त्यातली एक म्हणाली, "मोठ्यानं म्हण नं बाई. काऊन मनातल्या मनात म्हणून राह्यली?"

त्यानंतर मी सगळ्या उठायच्या आधी अंघोळ उरकते. डिसेंबरातही, थंड पाण्याने.

*

आम्ही वॉर्डनबाईंकडे गेलो. बोलली शेवंता, मी तिच्या मागे होते. बाई म्हणाल्या, "सगळ्या मुलीच तर आहात. लाजायचं काय त्यात? ॲडजस्ट करा."

बाईंच्या खोलीत वेगळं बाथरूम आहे. त्याच्या दाराला दोन कड्या आहेत, एक वर, एक खाली. तिथे झाडायची पाळी माझी असते, म्हणून मला माहीत.

मग मी आईला फोन करून कडीचं, पाढ्यांचं सगळं सांगितलं. आई म्हणाली, "कडी काऊन नाई? आपल्या कोंबड्याच्या खुराड्याले बी कडी हाय."

रविवारी बाबा आले. तलावावरची मासोळी धरायची सोडून, चिमूरहून दोन गाड्या बदलून. पिशवीत कडी, चार स्क्रू आणि पेचकस. बाई म्हणाल्या, "संस्थेचं दार आहे. बाहेरच्या माणसाला हात लावता येत नाही. आम्ही अर्ज पाठवला आहे."

बाबा म्हणाले, "दाराले हात नाई लावत, बाई. फक्त कडी लावतो."

बाईंनी कडी घेतली, कागदात गुंडाळली आणि टेबलाच्या खणात ठेवली. मी बाबांना सोडायला फाटकापर्यंत गेले. तिथे ते म्हणाले, "पाढे कितीपर्यंत येतात तुले?"

मी म्हणाले, "तीस."

बाबा पेचकस पिशवीत टाकून निघून गेले.

*

संस्थेच्या मोठ्या मॅडम पाहणीला आल्या, तो दिवस. दारात रांगोळी, आम्हाला इस्त्रीचे गणवेश. हॉलमध्ये मॅडम म्हणाल्या, "मुलींनो, ज्या ॲडजस्ट करतात त्याच पुढे जातात." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवंताने हात मागे बांधले.

चहा झाल्यावर मॅडमना बाथरूमला जायचं होतं, आणि बाईंच्या खोलीतला नळ नेमका कोरडा. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ मी होते, कप गोळा करत. बाई म्हणाल्या, "हिच्यासोबत जा, मॅडम. शांत मुलगी आहे."

मॅडम आत गेल्या. दार लोटलं गेलं. आतून हात चाचपडल्याचा आवाज आला, आधी वर, मग खाली.

"अगं, कडी कुठे आहे?"

‘खणात’ हे उत्तर माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण व्हरांड्याच्या टोकाकडून सातवीच्या मुली बादल्या वाजवत इकडेच येत होत्या. मी दाराजवळ तोंड नेलं.

"मॅडम, थोडं ॲडजस्ट करा. पाढे म्हणा."

बादल्या जवळ आल्या.

"बे एके बे," आतून हळूच आवाज आला.

"मोठ्यानं, मॅडम," मी म्हणाले, आणि ते हॉलपर्यंत ऐकू गेलं.